राजापूरने दिल्लीला धाडलेली माणसं

राजापूर हे नाव आज लोकसभेच्या मतदारसंघांच्या यादीत सापडत नाही. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर 2009 पासून त्याची जागा रत्नागिरी-सिंधुदुर्गने घेतली. राजापूर आता त्यातल्या सहा विधानसभा क्षेत्रांपैकी एक. पण 1957 पासून 2004 पर्यंत दक्षिण कोकणाचा खासदार या नावाने ओळखला जात होता. त्या काळात तेरा सार्वत्रिक निवडणुका झाल्या आणि त्या तेरांत मिळून निवडून आली फक्त चार माणसं. बॅरिस्टर नाथ पै तीन वेळा, प्राध्यापक मधु दंडवते पाच वेळा, सुधीर सावंत एकदा आणि सुरेश प्रभू चार वेळा. नाव बदलल्यानंतरच्या चार निवडणुकांत नीलेश राणे, दोनदा विनायक राऊत आणि 2024 मध्ये नारायण राणे.

एवढीशी यादी. शाळेच्या फळ्यावर मावेल. तरीही या यादीवर एक अख्खं पुस्तक लिहावं असं वाटतं आणि त्या पुस्तकाला लांबलचक प्रस्तावनाही लागते, याचं कारण यादीत नाही. ते यादीच्या मागे उभ्या असलेल्या मतदारात आहे.

राजापूरविषयी महाराष्ट्रात एक ठरलेलं बोलणं आहे. हा बुद्धिमंतांचा मतदारसंघ, इथून वक्ते गेले, अर्थमंत्री गेले, संसद गाजवणारे गेले, असं आदराने म्हटलं जातं आणि मग लगेच उसासा येतो की ते दिवस गेले. या उसाशाचा मला मनापासून राग येतो. त्यात सगळं श्रेय निवडून गेलेल्यांना मिळतं आणि निवडून देणारा शेतकरी, गाबित, कुळवाडी, प्राथमिक शिक्षक, मुंबईहून मतदानापुरता आलेला गिरणी कामगार हे सगळे पडद्याआड जातात. नाथ पै मोठे होतेच. पण सलग तीनदा त्यांना मत देणारी माणसं लहान होती, असं कुणी ठरवलं?

आकडे पाहा. 1962 साली, संयुक्त महाराष्ट्र मिळाल्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीत, काँग्रेसने राज्यातल्या 44 पैकी 41 जागा जिंकल्या. राजापूरने प्रजा समाजवादी पक्षाच्या नाथ पैंना पाठवलं. 1971 साली इंदिरा गांधींच्या लाटेत काँग्रेसला 45 पैकी 42 जागा मिळाल्या. राजापूरने त्याच पक्षाच्या मधु दंडवत्यांना पाठवलं. त्या वर्षी प्रजा समाजवादी पक्षाचे देशभरातून दोनच खासदार लोकसभेत पोचले. एक बंगालमधून समर गुहा, दुसरे दंडवते. 1984 साली इंदिराजींच्या हत्येनंतर देश हेलावला होता. काँग्रेसने महाराष्ट्रात 48 पैकी 43 जागा घेतल्या. उरलेल्या पाचांत शरद पवार, दत्ता सामंत, दि. बा. पाटील यांच्याबरोबर राजापूरचे दंडवते होते. तीन मोठ्या लाटा आल्या आणि तिन्ही वेळा या किनाऱ्याने आपलं मत बदललं नाही. असं एकदा घडलं तर उमेदवाराचं कर्तृत्व म्हणता येईल. बावीस वर्षांत तीनदा, तेही दोन वेगवेगळ्या उमेदवारांच्या बाबतीत घडलं, तर तो मतदाराचा स्वभाव म्हणायला हवा.

हा स्वभाव घडला कसा, हे समजण्यासाठी 1952 च्याही थोडं मागे जावं लागतं. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा अखंड होता. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो 1 मे 1981 रोजी. वरकस जमीन, डोंगरउतारावरची नाचणी, खाड्यांनी तोडलेली गावं आणि खोती. 1949 च्या कायद्याने खोती संपवली, पण कागदावर संपलेली खोती माणसांच्या मनातून आणि सातबाऱ्यावरून निघायला पुढची कितीतरी वर्षं गेली. घरटी एक तरी माणूस मुंबईला. त्याच्या मनिऑर्डरवर चूल चाले आणि त्याच्या पत्रावर गावाचं राजकारण. जायला यायला पावसाळा सोडून आगबोट, नाहीतर घाटावरून वळसा घालत एसटी. रेल्वे नव्हतीच. हा जिल्हा मुंबईला माणसं पुरवत होता आणि मुंबईहून विचार आणत होता. सेवादलाची शाखा, कामगार संघटनेची सभा, रात्रशाळा, वाचनालय हे सगळं चाकरमान्याच्या ट्रंकेतून गावी येत होतं.

पहिल्या लोकसभेत रत्नागिरी दक्षिणचे खासदार होते काँग्रेसचे मोरेश्वर जोशी. उत्तरेकडून निवडून आले जगन्नाथराव भोसले, आझाद हिंद सेनेतले सेनानी, सावंतवाडी संस्थानातल्या तिरोड्याचे सुपुत्र. दोघेही काँग्रेसचे. पाच वर्षांत चित्र पालटलं, कारण मधे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ उभी राहिली. 1957 साली संयुक्त महाराष्ट्र समितीच्या झंझावातात राजापूरहून नाथ पै गेले आणि शेजारच्या रत्नागिरीहून जनसंघाचे प्रेमजीभाई आसर. जनसंघाचे त्या लोकसभेत अवघे चार सदस्य होते. त्यांतले एक बलरामपूरचे अटलबिहारी वाजपेयी आणि एक हे रत्नागिरीचे आसर. समितीच्या छत्राखाली समाजवादी आणि जनसंघीय एकाच जिल्ह्यातून दिल्लीला गेले, ही गोष्ट आज सांगितली तर तरुणांना खरी वाटत नाही.

त्या निवडणुकीत मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत अजून आलेली नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं असे. मतदार पडद्याआड जाई आणि आपल्या पसंतीच्या पेटीत कोरी मतपत्रिका टाकी. एका पेटीवर काँग्रेसची बैलजोडी, दुसरीवर प्रजा समाजवाद्यांची झोपडी. बैलांवर ज्याचं पोट अवलंबून होतं त्या शेतकऱ्याने बैलजोडीची पेटी बाजूला ठेवून झोपडीच्या पेटीत कागद सारला. पुढे झोपडी गेली आणि चक्रातला नांगरधारी शेतकरी आला, मग नुसतं चक्र आलं. चिन्ह दोनदा बदललं, तरी याच मतदाराने 1989 पर्यंत ते दरवेळी बरोबर शोधून काढलं. अक्षरओळख नसलेला मतदार चिन्ह बघून मत देतो, त्याला विचार कुठला, असं म्हणणाऱ्यांनी एवढा तपशील तरी लक्षात घ्यावा.

नाथ पैंवर या पुस्तकातलं सर्वात मोठं प्रकरण आहे आणि ते तसंच असायला हवं. 25 सप्टेंबर 1922 रोजी वेंगुर्ल्यात जन्म, शिक्षणाचा बराच भाग बेळगावात, बेचाळीसच्या लढ्यात तुरुंग, मग लंडनला बॅरिस्टरी, युरोपातल्या समाजवादी युवक चळवळीत आंतरराष्ट्रीय पातळीवरचं नेतृत्व, गोवामुक्तीच्या लढ्यात सहभाग. लोकसभेत पोचले तेव्हा वय चौतीस. त्यांच्या वक्तृत्वाच्या आठवणी एवढ्या सांगितल्या गेल्या आहेत की त्यात माणूस झाकला गेला. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांनी मांडलेलं एक विधेयक.

27 फेब्रुवारी 1967 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात निकाल दिला की मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. निवडणुका नुकत्याच पार पडल्या होत्या. नवी लोकसभा बसली आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नाथ पैंनी खासगी विधेयक मांडलं : घटनेतल्या कुठल्याही कलमात, मूलभूत हक्कांच्या प्रकरणातसुद्धा, दुरुस्ती करण्याचा अधिकार संसदेला आहे, हे स्पष्ट करणारं. सरकारने मांडलेलं विधेयक नव्हे. विरोधी बाकावरच्या, जेमतेम डझनभर खासदारांच्या पक्षातल्या एका सदस्याचं. ते संयुक्त समितीकडे गेलं, त्यावर देशभर वाद झडले, वकिलांनी लेख लिहिले, विरोधकांतलेच अनेक जण त्याच्या विरोधात गेले. मंजूर काही झालं नाही. पण 1971 साली सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती आणली, तिचा गाभा नाथ पैंच्या विधेयकातलाच होता. ती पाहायला नाथ पै नव्हते.

आज मागे वळून पाहताना या विधेयकाबद्दल माझं मत पूर्ण अनुकूल नाही आणि ते इथे सांगितलं पाहिजे. नाथ पैंचा युक्तिवाद लोकांवरच्या विश्वासातून आला होता. कुळकायदा, जमीनसुधारणा, सामाजिक न्याय यांच्या आड मालमत्तेचा हक्क येतो आणि न्यायालय त्याला कवच देतं, हे त्यांनी आपल्या जिल्ह्यात डोळ्यांनी पाहिलं होतं. लोकांनी निवडलेली संसद लोकांच्या विरोधात जाणार नाही आणि गेलीच तर लोक तिला बदलतील, अशी त्यांची धारणा. पण 1976 साली त्याच संसदेने स्वतःची मुदत वाढवून घेतली, बेचाळिसावी दुरुस्ती संमत केली आणि त्या वेळी राजापूरचा खासदार सभागृहात नव्हता. तो तुरुंगात होता. एका मतदारसंघाच्या दोन लागोपाठच्या खासदारांमध्ये भारतीय लोकशाहीचा हा पेच असा उभा-आडवा सापडतो : एकाने संसदेच्या अमर्याद अधिकाराची बाजू मांडली आणि दुसऱ्याने तो अधिकार बेलगाम झाला की काय होतं ते भोगलं. 1973 च्या केशवानंद भारती निकालाने मधली वाट काढली होती, घटनेच्या मूळ चौकटीला हात लावता येणार नाही अशी. आणीबाणीनंतर देशाला तिचा आधार वाटला. नाथ पै असते तर त्यांनी आपलं मत तपासून पाहिलं असतं, असं मला वाटतं. तेवढा मोकळेपणा त्यांच्या भाषणांत जागोजागी दिसतो.

डिसेंबर 1970 मध्ये लोकसभा बरखास्त झाली आणि मध्यावधी निवडणूक तोंडावर आली. 17 जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करण्यासाठी नाथ पै बेळगावात होते. तिथे ते बोलले आणि त्याच रात्री हृदयविकाराने गेले. 18 जानेवारी 1971. वय अठ्ठेचाळीस.

त्या जागी आलेले मधु दंडवते मूळचे अहमदनगरचे, कोकणातले नव्हेत. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे प्राध्यापक. बेचाळीसचा लढा आणि गोव्याचा सत्याग्रह ही त्यांची ओळख होती, पण मतदारसंघात ना घर, ना नातीगोती. बाहेरचा माणूस म्हणून कोकणी माणूस सहज कुणाला उंबऱ्याच्या आत घेत नाही, असं आपण ऐकत आलो आहोत. राजापूरने या बाहेरच्या माणसाला वीस वर्षं घरचं मानलं. जातीची गणितं इथेही होती, आहेत. त्यांना पुरून उरणारं काहीतरी त्या मतदारापाशी होतं, एवढंच या निकालांवरून सिद्ध होतं.

आणीबाणी जाहीर झाली तेव्हा दंडवते बंगळुरूत होते. पक्षांतराला आळा घालणाऱ्या विधेयकावरच्या संसदीय समितीच्या बैठकीसाठी ते गेले होते. वाजपेयी, अडवाणी, श्यामनंदन मिश्र हेही तिथेच. 26 जून 1975 रोजी सगळ्यांना अटक झाली. दंडवते बंगळुरूच्या तुरुंगात, पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. जवळजवळ दीड वर्ष दोघांचा संसार पत्रांतून चालला. सेन्सॉरच्या नजरेखालून जाणारी ही पत्रं म्हणजे प्रेमपत्रंही आहेत आणि राजकीय दस्तऐवजही. मतदारसंघाच्या इतिहासात खासदाराच्या घरच्या पत्रांना जागा का द्यावी, असं कुणी विचारील. कारण त्या काळात राजापूरचा प्रतिनिधी बोलत होता तो फक्त त्या पत्रांतूनच. सभागृहात त्याची खुर्ची रिकामी होती आणि वर्तमानपत्रांवर पहारा होता.

1977 साली दंडवते रेल्वेमंत्री झाले. त्यांच्या नावावर लोक दोन गोष्टी मांडतात आणि दोन्हींचा ऊहापोह करायला हवा. पहिली गोष्ट लाकडी बाकांची. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात तोवर नुसत्या फळ्या असत. त्यावर वळकटी पसरायची, नसेल तर चादर, तीही नसेल तर अंग. तीस-तीस तासांचा प्रवास करणाऱ्या माणसाची पाठ सोलून निघे. दंडवत्यांनी त्या फळ्यांवर दोन इंचांची फोमची गादी बसवायला सुरुवात केली. दोन इंच. अंदाजपत्रकातल्या मोठमोठ्या आकड्यांपुढे हा आकडा दिसतही नाही. पण देशातल्या कोट्यवधी गरीब प्रवाशांच्या पाठीला तो समजला आणि पुढच्या कुठल्याही सरकारला ती गादी काढून घेता आली नाही. त्याच वर्षाच्या अखेरीला मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली, वर्गभेद नसलेली गाडी. समाजवाद म्हणजे काय, हे भाषणांपेक्षा त्या डब्यांनी लोकांना लवकर सांगितलं. आणि ध्यानात घ्या, ही गादी देणाऱ्या मंत्र्याच्या मतदारसंघात तेव्हा रेल्वेचा एकही रूळ नव्हता.

दुसरी गोष्ट अर्थात कोकण रेल्वेची. तिचं स्वप्न दंडवत्यांच्या आधीचं. नाथ पैंनी संसदेत तिची मागणी लावून धरली होती. मंत्री झाल्यावर दंडवत्यांनी आपटा-रोहा हा पहिला टप्पा मार्गी लावला. गाडी रोह्याला पोचायला 1986 उजाडलं आणि तिथे येऊन ती थांबली. पुढे सह्याद्रीचे फाटे, दऱ्या, खाड्या आणि पैशाचा प्रश्न. रेल्वेच्या नेहमीच्या तरतुदीतून हे काम करायचं तर आणखी दोन पिढ्या गेल्या असत्या. 1989 च्या डिसेंबरात विश्वनाथ प्रताप सिंगांचं सरकार आलं आणि एक दुर्मीळ योग जुळला. रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस, मूळचे मंगळूरचे. नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष रामकृष्ण हेगडे, उत्तर कन्नडचे. आणि अर्थमंत्री राजापूरचे मधु दंडवते. एकाच किनाऱ्याशी नातं असलेली तीन माणसं तीन मोक्याच्या जागांवर. त्यांनी स्वतंत्र महामंडळाची वाट शोधली : 51 टक्के भांडवल केंद्राचं, 22 महाराष्ट्राचं, 15 कर्नाटकाचं, गोवा आणि केरळचं सहा-सहा, बाकीचा पैसा रोख्यांतून. 19 जुलै 1990 रोजी महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले. नोव्हेंबरात सरकार कोसळलं. पण पायाभरणी होऊन गेली होती आणि रूळ आता मागे घेता येणार नव्हते. 26 जानेवारी 1998 रोजी मार्ग पूर्ण झाला. रत्नागिरीजवळच्या पानवलच्या दरीवरून, करबुड्याच्या साडेसहा किलोमीटर बोगद्यातून आज गाडी जाते, ती त्या अकरा महिन्यांच्या सरकारने केलेल्या कागदपत्रांवरून जाते.

आणि 1991 साली याच मतदारसंघाने दंडवत्यांना पाडलं.

या पराभवाबद्दल राजापूरकर अजूनही अवघडून बोलतात. कृतघ्नपणा, असा शब्द वापरणारेही आहेत. मला तो मान्य नाही आणि या प्रस्तावनेत मला जे मुख्यतः सांगायचं आहे ते इथेच येतं. दंडवत्यांचा पराभव राजापूरच्या मतदान केंद्रांवर झाला खरा. त्याची सुरुवात मुंबईच्या गिरणगावात नऊ वर्षं आधी झाली होती. जानेवारी 1982 मध्ये सुरू झालेल्या संपाने अडीच लाख गिरणी कामगारांचं आयुष्य उलटंपालटं केलं. त्यांत कोकणी माणूस किती होता हे परळ-लालबागच्या चाळींना विचारावं. गिरणी गेली, तिच्याबरोबर कामगार संघटना गेली, संघटनेबरोबर समाजवादी कार्यकर्त्याची ऊठबस गेली. चाकरमान्याच्या अडीअडचणीला धावून जाणारं, त्याच्या मुलाला नोकरीचा अर्ज भरून देणारं, गणपतीला गावी जायच्या गाडीची सोय करणारं ठिकाण आता शिवसेनेची शाखा हे होतं. ट्रंकेतून गावी येणारा विचार बदलला. धनुष्यबाण कोकणात रुजला तो असा, मुंबईच्या वाटेने. ज्या वाटेने साने गुरुजींचा विचार आला, त्याच वाटेने.

त्यामुळे नव्वदनंतरचा बदल हा मतदाराच्या अभिरुचीचा ऱ्हास आहे, हे मी मानत नाही. कोकणी मतदार पूर्वीही मुंबईतल्या आपल्या माणसाकडे पाहून मत देत होता, नंतरही देत राहिला. मधल्या काळात मुंबई बदलली. समाजवाद्यांनी आपली संघटना बांधायची सोडली आणि मग लोक आपल्याला विसरले म्हणून हळहळ केली. हे कटू आहे. मी ज्या परंपरेवर प्रेम करतो तिच्याबद्दल लिहितो आहे, म्हणून ते लिहिणं भाग आहे.

1991 चे विजेते सुधीर सावंत सैन्यातून आलेले, काँग्रेसचे. या जागेवर 1957 नंतर प्रथमच काँग्रेस आली आणि पाच वर्षांत गेली. 1996 पासून सुरेश प्रभू. सनदी लेखापाल, सारस्वत बँकेचे माजी अध्यक्ष, शिवसेनेच्या तिकिटावर उभे राहिलेले पण शाखेच्या बोलीत न बोलणारे. त्यांना सलग चारदा निवडून देताना मतदाराने नवा पक्ष आणि जुनी आवड यांची सांगड घातली, असं म्हणता येईल. वाजपेयी सरकारात ऊर्जामंत्री असताना प्रभूंनी 2001 साली वीज विधेयक मांडलं आणि त्याचाच 2003 चा वीज कायदा झाला. राज्य वीज मंडळांचं विभाजन, खुला प्रवेश, नियामक आयोगांचे अधिकार, आज आपण जे वीजबिल भरतो त्याची सगळी चौकट त्या कायद्यातली. या मोठ्या कामाच्या मध्यावरच, ऑगस्ट 2002 मध्ये, पक्षनेतृत्वाच्या इच्छेनुसार त्यांनी मंत्रिपद सोडलं. मतदारांनी निवडलेला, पंतप्रधानांना हवा असलेला मंत्री पक्षप्रमुखांच्या एका शब्दावर घरी जातो, या घटनेवर तेव्हा जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. पुढे 2014 ते 2017 या काळात प्रभू रेल्वेमंत्री झाले, पण तोवर ते भाजपमध्ये आणि राज्यसभेत होते. दादर-सावंतवाडी गाडीला केशवसुतांच्या स्मरणार्थ तुतारी एक्स्प्रेस हे नाव त्यांच्याच कारकिर्दीत मिळालं.

2009 नंतरचा काळ अजून ताजा आहे. त्यातली माणसं राजकारणात आहेत, त्यामुळे त्यावर निकाल देण्याची घाई नको. नीलेश राणेंनी प्रभूंचा पराभव केला, 2014 साली विनायक राऊतांनी नीलेश राणेंना सुमारे दीड लाखांनी आणि 2019 साली त्याहून अधिक मतांनी हरवलं, 2024 मध्ये नारायण राणेंनी राऊतांना सुमारे 48 हजारांनी. या शेवटच्या निकालात रत्नागिरी जिल्ह्यातली तिन्ही विधानसभा क्षेत्रं राऊतांकडे झुकली आणि सिंधुदुर्गातली तिन्ही राण्यांकडे. पुनर्रचनेने नकाशा एक केला. मतदार अजून दोन जिल्ह्यांचे दोनच आहेत. या वर्षांतले खरे वाद प्रकल्पांचे : जैतापूरचा 9,900 मेगावॉटचा अणुऊर्जा प्रकल्प, नाणारची रिफायनरी, मग बारसू. हापूसची कलमं, मासेमारीची बंदरं, कातळावरची शिल्पं एका बाजूला आणि गावात रोजगार हवा म्हणणारी पोरं दुसऱ्या बाजूला. खासदाराने यात कोणती बाजू घेतली, कधी घेतली आणि बदलली का, याची तारीखवार नोंद या पुस्तकात आहे. ती वाचकाने शांतपणे वाचावी.

एक नोंद मात्र मनाला लागते. पक्षांतरबंदीच्या समितीवर असताना ज्या मतदारसंघाच्या खासदाराला अटक झाली, त्याच मतदारसंघाच्या नंतरच्या बहुतेक खासदारांनी पुढे पक्ष बदलले. दंडवत्यांच्याही पक्षाची नावं बदलली, पण ती विलीनीकरणांतून. पक्ष सोबत घेऊनच ते बदलत गेले. हा फरक आहे आणि तो पुसला जाऊ नये.

आणखी एक गोष्ट यादीत दिसत नाही, म्हणून सांगतो. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात हजार पुरुषांमागे हजारांहून जास्त स्त्रिया असलेले जिल्हे दोनच : रत्नागिरी, 1,122 आणि सिंधुदुर्ग, 1,036. पुरुष मुंबईला, बाई शेतात, घरात, ग्रामपंचायतीत आणि मतदानाच्या रांगेत. राजापूरने नाव बदलेपर्यंत आणि बदलल्यावरही एकाही स्त्रीला लोकसभेत पाठवलं नाही. शेजारच्या जुन्या रत्नागिरी मतदारसंघाने 1962 आणि 1967 साली शारदा मुखर्जींना निवडून दिलं होतं, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. खुद्द प्रमिला दंडवते 1980 साली लोकसभेत गेल्या, पण मुंबईतून. ज्या मतदारसंघाचे निकाल बायकांच्या मतांवर ठरत आले, त्याच्या खासदारांच्या यादीत त्या नाहीत. मुख्य प्रवाहातल्या पक्षांनी त्यांना उमेदवारी द्यायचं मनावर घेतलं नाही, हेच त्याचं कारण आणि ते कुठल्याही परंपरेच्या आड लपवू नये.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडं. निवडणूक आयोगाचे निकाल, संसदेतली भाषणं आणि प्रश्न, समकालीन वृत्तपत्रं हा त्याचा पाया आहे. अलीकडच्या निवडणुकांसाठी फॉर्म 20 वापरला आहे, म्हणजे केंद्रनिहाय मतमोजणीचा तक्ता. तो वाचायला शिकलं पाहिजे. एकाच गावच्या दोन वाड्यांची दोन केंद्रं, एकीकडे एका उमेदवाराला चारशे मतं आणि दुसरीकडे चाळीस, हे तक्त्यात दिसतं तेव्हा भावकी, देवस्थानाचा मान, पाण्याची नळयोजना, मुंबई मंडळातली फूट असं सगळं गाव त्या दोन आकड्यांत उभं राहतं. जुन्या निवडणुकांबद्दल असा तपशील हाती नाही, म्हणून तिथे कागदांची गरज अधिक आहे.

तेव्हा वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या घरात माळ्यावर, पेटीत, आजोबांच्या पुस्तकांत झोपडीच्या चिन्हाचं एखादं पत्रक असेल, नाथ पैंच्या वा दंडवत्यांच्या सभेचा फोटो असेल, मुंबईच्या एखाद्या ग्रामस्थ मंडळाचं इतिवृत्त असेल, एखाद्या खासदाराने तुमच्या गावच्या अर्जाला पाठवलेलं उत्तर असेल, तर ते रद्दीत घालू नका. रत्नागिरीच्या नगर वाचनालयात, सावंतवाडीच्या श्रीराम वाचन मंदिरात किंवा तुमच्या तालुक्याच्या ग्रंथालयात नेऊन द्या आणि त्यावर तारीख, गाव आणि फोटोतल्या माणसांची नावं पेन्सिलने लिहून ठेवा. व्यासपीठावर बसलेल्यांची नावं सगळ्यांनाच ठाऊक असतात. समोर सतरंजीवर बसलेल्यांची आधी लिहा.